हजार मीटरचा नेम, पन्नास मीटरची रेंज: इंदुरात राहून लांब पल्ल्याची रायफल कशी शिकावी

लांब पल्ल्याच्या रायफलीचं वेड लागलं की पहिला प्रश्न बोअरचा, म्हणजे नळीच्या भोकाच्या मापाचा येतो. .३०८ पुरेल, की थेट .३३८ लापुआ मॅग्नम बघावी? आधी एक हिशेब मांडून बघा. वाऱ्याचा अंदाज सेकंदाला १ मीटरने चुकला, तर १००० मीटरवर .३०८ ची १७५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सुमारे ७० सेंमी बाजूला पडते. .३३८ ची ३०० ग्रेनची गोळी त्याच चुकीला साधारण ३५ सेंमी सरकते. म्हणजे कित्येक पट खर्च, खांद्याला बराच जास्त धक्का, आणि चूक निम्मी. आता दुसरी बाजू. तीच .३०८ हातात ठेवून वाऱ्याचा अंदाज अर्ध्या मीटरपर्यंत अचूक करायला शिकलात, तरी चूक निम्मीच होते. आणि हे शिकायला बिलावली तलावाच्या पाळीवर रोज अर्धा तास उभं राहणं पुरतं.

या लेखातली सगळी क्रमवारी या हिशेबातून आली आहे. अंतर वाढलं म्हणून नव्या चुका जन्माला येत नाहीत, जुन्याच गुणल्या जातात. त्या गुणल्या जाण्याआधी १० आणि ५० मीटरवर पकडणं स्वस्त पडतं.

'एक्स्ट्रीम लाँग रेंज' कुठून सुरू होतं याची एकच सर्वमान्य रेघ नाही. दीड हजार मीटरच्या आसपास आणि पुढे, जिथे बहुतेक गोळ्यांचा वेग आवाजाच्या वेगाखाली यायला लागतो, तिथून ते धरतात. अमेरिकेत दोन मैलांवरच्या, म्हणजे ३२०० मीटरच्या वर स्पर्धा होतात. इंग्लंडमधल्या बिस्लीला १२०० यार्डांपर्यंत झाडता येतं. इंदुरातल्या नागरिकाच्या हाताशी मात्र १०, आणि नशीब असेल तर ५० मीटरची रेंज असते. महूला सैन्याचं मार्क्समनशिप युनिट आहे, लंडन ऑलिंपिकचा रौप्यविजेता विजय कुमार तिथलाच; शहराला लागून सीमा सुरक्षा दलाची रेवती रेंज आहे. या दोन्ही जागा सर्वसामान्यांसाठी नाहीत, तेव्हा ओळखीपाळखीतून तिथे शिरायचे बेत सोडून द्यावेत.

आधी कायद्याचं

४.५ मिमी बोअरची आणि २० ज्यूलच्या आत ताकद असलेली एअर रायफल २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवान्याशिवाय घेता येते. ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो, पावती जपून ठेवा. बोअर किंवा ताकद याहून जास्त असेल तर एअर रायफललाही परवाना लागतो. .२२ आणि पुढच्या सगळ्यांना १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना हवाच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात. नेमबाजांसाठी वेगळ्या सवलती आहेत, पण त्या स्पर्धेतल्या कामगिरीला जोडलेल्या आहेत. म्हणून रस्ता एकच: क्लबचं सभासदत्व, राज्य संघटनेची स्पर्धा, गुण, मग परवान्याचा अर्ज. आधी रायफल पसंत करून मागून परवान्याच्या मागे लागणारे वर्षानुवर्षं फाइलच सांभाळत बसतात.

लष्करी काडतुसांचे बोअर सामान्य परवान्यावर मिळत नाहीत. सरकारी कारखान्यांतली .३१५ स्पोर्टिंग रायफल मिळते, पण तिच्याकडून हजार मीटरची अपेक्षा करणं अन्यायाचं होईल. घरी काडतुसं भरणं हा परवान्याशिवाय गुन्हा आहे, त्यामुळे परदेशी मार्गदर्शनात जो अर्धा भाग दारू आणि गोळीच्या प्रयोगांचा असतो, तो इथे गाळला आहे. आपल्या हातात उरतं ते तयार काडतुसांतून चांगला लॉट, म्हणजे कारखान्यात एका खेपेला बनलेला गट, निवडणं. त्याकडे पुढे येऊ.

शेताच्या बांधाकडे तोंड करून .२२ 'जराशी तपासून' बघण्याचा मोह पुष्कळांना होतो. या इवल्याशा गोळीचा पल्ला दीड किलोमीटरच्या वर जातो. माळव्याच्या सपाट काळ्या जमिनीवर तेवढ्या अंतरात एखादं खेडं सहज असतं. रेंजबाहेर एकही गोळी नाही.

पहिला टप्पा: १० मीटर

१० मीटर एअर रायफलच्या निशाण्यावरचा दहाचा ठिपका फक्त अर्धा मिमी असतो. छर्रा ४.५ मिमीचा असल्याने छर्‍याचा मध्य केंद्रापासून अडीच मिमीवर पडला तरी १०.० गुण मिळतात. हा अडीच मिमी कोनात मोजला तर पाव मिल होतो (१ मिल म्हणजे १००० मीटरवर १ मीटर, १०० मीटरवर १० सेंमी). पाव मिल १००० मीटरवर नेला की २५ सेंमी. ६० छर्‍यांत दशांश गुणांनी ६०० च्या वर सातत्याने जाणारा नेमबाज सरासरीने या २५ सेंमी त्रिज्येच्या वर्तुळात असतो. तिथवर पोचेपर्यंत .२२ चा विचारही करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. घाई केली तर चुका वाऱ्याच्या माथी मारायची सवय लागते आणि ती सुटत नाही.

या टप्प्यावर चार गोष्टी पक्क्या करायच्या.

नैसर्गिक नेम. स्थिती घ्या, नेम धरा, डोळे मिटा, तीन श्वास घ्या, डोळे उघडा. साइट (रायफलीवरचं नेम धरायचं साधन) बाजूला गेलेली दिसली तर हाताने ओढून आणू नका, सगळं शरीर हलवा. उभ्याने झाडताना मागचं पाऊल सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर सरकवलं की पुरतं. स्नायूंनी ओढून धरलेला नेम चाप सुटताक्षणी मूळ जागी परततो, आणि छर्रा त्या परतीच्या वाटेवर कुठेतरी लागतो.

श्वास. अर्धा सोडून थांबा. चार ते आठ सेकंदांत गोळी सुटली नाही तर रायफल उतरवा. आठ सेकंदांनंतर नजर धूसर होत जाते, पण मेंदू ते कबूल करत नाही. जुनंच चित्र दाखवत राहतो.

चाप. पहिला टप्पा ओढून भिंतीला टेकवायचा, मग नेम स्थिरावत असताना दाब वाढवत न्यायचा. दाब बोटाच्या पहिल्या पेराच्या मधोमध आणि सरळ मागे. कोपऱ्याने ओढलं तर ग्रुप, म्हणजे निशाण्यावरच्या भोकांचा पुंजका, आडवा पसरतो.

फॉलो थ्रू. छर्रा नळीतून बाहेर पडायला वेळ लागतो, आणि एअर रायफलमध्ये तो सुमारे १७० मी/से इतक्या संथपणे जातो की आधी डोकं उचललंत तर चूक लपत नाही. गोळी सुटल्यावर दोन सेकंद तसेच राहा आणि साइट कुठे होती ते मनाशी बोला: 'साडेतीन वाजता, नऊ.' मग पडद्याकडे बघा. सांगितलं आणि लागलं यांत सतत फरक येत असेल तर दोष डोळ्यांत किंवा साइटमध्ये आहे. फरक नसेल तर दोष धरण्यात आहे.

आठवड्याचं वेळापत्रक: चार दिवस घरी वीस मिनिटं रिकामी रायफल झाडण्याचा सराव, दोन दिवस रेंजवर ६० ते ८० छर्रे. घरचा सराव कंटाळवाणा असतो, म्हणून लोक तो टाळतात आणि छर्‍यांवर जास्त खर्च करतात. उलट करा. घरच्या सरावाआधी नळी रिकामी आहे हे दोनदा तपासा, आणि छर्‍यांची डबी त्या खोलीतच ठेवू नका.

दुसरा टप्पा: ५० मीटर, पालथं पडून

.२२ मॅच रायफल आणि प्रोन स्थिती ही लांब पल्ल्याची खरी शाळा. ५० मीटरच्या निशाण्यावर दहाचं वर्तुळ १०.४ मिमीचं असतं आणि पुढचं प्रत्येक कडं ८ मिमी रुंद. याच अंतरावर, तीन स्थितींच्या स्पर्धेत, कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसळेने २०२४ मध्ये पॅरिसला ४५१.४ गुणांनी कांस्य घेतलं. आपल्या शेजारच्या खरगोन जिल्ह्यातला ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर हाही याच स्पर्धेचा.

मांडणी, उजव्या हाताच्या नेमबाजासाठी:

१. चटईवर शरीर नेमाच्या रेषेपासून १० ते २० अंश डावीकडे कलवून पडा. उजवा गुडघा थोडा वर ओढा, म्हणजे पोट चटईवरून सुटेल आणि नाडीचे ठोके साइटमध्ये कमी दिसतील.

२. स्लिंग, म्हणजे रायफल हाताला बांधणारा पट्टा, दंडाच्या वरच्या भागात. कोपराजवळ बांधली तर धमनीवर येते आणि साइट ठोक्याठोक्याला उडते.

३. डावा पंजा हँडस्टॉपला (रायफलीखालचा, हात अडवणारा सरकता ठोकळा) टेकलेला, पण रायफल पकडलेली नाही. वजन हाडांवर आणि स्लिंगवर. नियमानुसार डावा हात जमिनीशी ३० अंशांहून कमी कोनात नसावा. शिकताना थोडं उंचच राहा, मान आणि श्वास मोकळा राहतो.

४. गाल दस्त्यावर असा टेकवा की डोळा डायोप्टरच्या, म्हणजे मागच्या साइटच्या, भोकासमोर आपोआप येईल. मान ताणून डोळा आणावा लागत असेल तर गालपट्टी हलवा, मान नको.

५. आडवा नेम जुळवताना डावं कोपर खिळ्यासारखं ठेवून कंबर आणि पाय सरकवा. उभा नेम जुळवायला हँडस्टॉप: पंजा पुढे गेला की नळी खाली येते, मागे आला की वर जाते. एका वेळी ३ मिमीहून जास्त नाही, आणि प्रत्येक बदल वहीत.

काडतुसं निवडताना वेग बघा. मॅच काडतुसं साधारण ३२० ते ३३० मी/से वेगाची असतात आणि ते मुद्दाम असतं. आवाजाचा वेग १० अंश तापमानात सुमारे ३३७, ४० अंशांत ३५५ मी/से. 'हाय व्हेलॉसिटी' काडतूस त्याच्या वरून निघतं आणि वाटेतच ध्वनिवेग ओलांडून खाली येतं. त्या क्षणी गोळी डगमगते. बरोबर हाच डगमगता टप्पा मोठ्या गोळीला हजार-दीड हजार मीटरवर भेटतो. तोच गुण, लहान प्रमाणावर.

लॉटची चाचणी अशी करा. एकाच ब्रँडचे चार वेगवेगळे लॉट, प्रत्येकाची ५० ची एक पेटी. पहिल्या १० गोळ्या मोजायच्या नाहीत, कारण आधीच्या लॉटचं मेण नळीत असतं आणि ते जाऊन नवं बसायला तेवढं लागतं. उरलेल्या ४० चे दहा-दहाचे चार ग्रुप, पहाटे वारा नसताना, आधार देऊन. ग्रुपमधल्या सर्वांत दूरच्या दोन भोकांतलं अंतर केंद्र ते केंद्र १५ मिमीच्या आत असेल तर लॉट ठेवण्याजोगा. चार लॉटांत निवड करताना सरासरीपेक्षा प्रत्येकाचा सर्वांत वाईट ग्रुप बघा. तीन-तीन गोळ्यांचे ग्रुप काढून लॉट निवडणं म्हणजे नाणं उडवणं. तीन गोळ्या योगायोगाने एका भोकात जातात आणि माणूस फोटो काढून मोकळा होतो. लॉट ठरला की परवान्यावरच्या कोट्यात बसेल तेवढा एकदमच घ्या. पुढच्या वर्षी तोच लॉट मिळणार नाही.

नळी साफ करताना सळई मागून घाला, गाइड लावून. पुढून घातलेली सळई नळीचं तोंड झिजवते आणि एकदा ते गेलं की गेलं.

वारा

इथे घाई करू नका, सगळा खेळ इथे आहे.

५० मीटरवर १ मी/से चा आडवा वारा .२२ च्या गोळीला सुमारे ६ मिमी ढकलतो, म्हणजे पाऊण कडं. अंतर दुप्पट, १०० मीटर, केलं की तोच वारा साधारण २३ मिमी ढकलतो: दुप्पट अंतराला जवळजवळ चौपट. २०० मीटरवर गोळी खाली पडते म्हणून .२२ ला साइटवर उंची साधारण सव्वाआठ मिल चढवावी लागते, आणि वाऱ्याला ती जितकी बळी पडते तितकी .३०८ सुमारे ७५० मीटरवर पडते. एखाद्या रेंजवर आणि तुमच्या परवान्यात .२२ साठी १०० किंवा २०० मीटर मिळत असतील, तर मोठ्या रायफलीचा बहुतेक अभ्यासक्रम तिथेच होतो.

आधी झेंड्या. आंतरराष्ट्रीय नियमांत ५० मीटरच्या रेंजवरची झेंडी ५ सेंमी रुंद आणि ४० सेंमी लांब सुती कापडाची असते, १० आणि ३० मीटरवर लावलेली. महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमधून मीटरभर सुती पॉपलीन आणलं तर दोन-तीन क्लबांची सोय होते. मलमल नको, फार हलकं. जाड खादीही नको, मंद वाऱ्यात लोंबत राहते. झेंडी बांबूच्या काडीला सैल कड्याने अडकवा, गाठ मारली तर पिळा पडतो. झेंडीचा काडीशी होणारा कोन अंशांत मोजून त्याला ९ ने भागलं की वारा साधारण मी/से मध्ये मिळतो. ४५ अंश म्हणजे ५ मी/से. कापडाप्रमाणे भाजक थोडा बदलतो, म्हणून हातातल्या वारामापकाशी एकदा ताडून स्वतःचा आकडा काढा.

मग दिशा. पूर्ण आडवा वारा पूर्ण धरायचा. रेषेशी ६० अंशांचा वारा जवळपास नऊ-दशांश, ४५ अंशांचा सात-दशांश, ३० अंशांचा निम्मा. नवशिके तिरक्या वाऱ्याला कमी लेखतात. ४५ अंशांच्या वाऱ्याला 'अर्धा' धरणं ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे. जवळची झेंडी लांबच्या झेंडीपेक्षा जास्त महत्त्वाची, कारण नळीपाशी वळलेली गोळी उरलेलं सगळं अंतर त्या वळणाने जाते.

रायफलीशिवाय करायचा सराव: पाळीवर किंवा पिपल्यापाला तलावाकाठी उभे राहा. आधी अंदाज वहीत लिहा, मगच वारामापक बघा. रोज २० नोंदी. खुणा अशा: चेहऱ्याला झुळूक जाणवते आणि पानं सळसळतात ती १.६ ते ३.३ मी/से, पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलतात ती ५.४ पर्यंत, धूळ आणि कागद उडू लागले की ५.५ च्या वर. महिनाभरात चूक १ मीटरच्या आत येते, तीन महिन्यांत बहुतेकांची अर्ध्यावर. लेखाच्या सुरुवातीला .३३८ कडून जो फायदा मिळत होता, तो इथे वसूल झाला.

मृगजळ वेगळं वाचावं लागतं. स्पॉटिंग स्कोपचा फोकस निशाण्यावरून थोडा अलीकडे आणा, म्हणजे तापलेल्या हवेच्या लाटा दिसतात. लाटा तिरप्या वाहताना दिसल्या तर वारा मोजता येतो, सपाट रेघा झाल्या तर वारा जोरात आहे, आणि सरळ वर उकळताना दिसल्या तर झाडू नका. उकळी म्हणजे वारा शांतच आहे असं नाही. बहुतेक वेळा तो दिशा बदलण्याच्या बेतात असतो. एप्रिल-मे महिन्यांत इंदुरात सकाळी दहानंतर हे सगळं भरपूर बघायला मिळतं. गुण कमवायचे असतील तर सातला या. वारा शिकायचा असेल तर दहाला.

एक बारकावा पुष्कळ चांगल्या नेमबाजांनाही माहीत नसतो. उजव्या पिळाच्या नळीतून सुटलेली गोळी डावीकडून येणाऱ्या वाऱ्यात उजवीकडे आणि थोडी खाली जाते, उजवीकडून येणाऱ्या वाऱ्यात डावीकडे आणि थोडी वर. म्हणून बदलत्या वाऱ्यातला ग्रुप आडवा न दिसता तिरका दिसतो, वर-डावीकडून खाली-उजवीकडे. त्याला श्वासाची चूक समजून लोक महिनोन्‌महिने श्वास दुरुस्त करत बसतात.

स्कोप: खरेदी आणि परीक्षा

आंतरराष्ट्रीय रायफल स्पर्धांत दुर्बीण चालत नाही, डायोप्टरच लागतो. पण लांब पल्ल्याकडे जायचं तर स्कोप कळायलाच हवा, आणि पैसे वाढवायचे असतील तर रायफलपेक्षा इथे वाढवा.

काय बघावं? मिलमध्ये क्लिक, म्हणजे डायलची एक खाच (०.१ मिल, म्हणजे १०० मीटरवर १ सेंमी) आणि मिलमध्येच रेटिकल, म्हणजे स्कोपमधल्या नेमाच्या रेघा; एक कोनाच्या मिनिटांत आणि दुसरं मिलमध्ये असा संसार मांडू नका. रेटिकल पहिल्या फोकल प्लेनमध्ये, म्हणजे झूम बदलला तरी माप तेच राहतं. पॅरलॅक्सची, म्हणजे डोळा हलला की रेटिकल निशाण्यावर सरकणं थांबवणारी, फिरकी. आणि उंचीचा एकूण पल्ला. समजा स्कोपची एकूण फिरत ३० मिल आहे. १०० मीटरला शून्य केल्यावर, म्हणजे नेम आणि गोळी तिथे जुळवल्यावर, वर जायला साधारण १५ उरतात. .३०८ ला १००० मीटरवरच सुमारे साडेबारा लागतात, म्हणजे त्यापुढे लगेच भिंत. स्कोपखाली कोनाच्या २० मिनिटांची उतरती रेल (स्कोप बसवायची पट्टी) बसवली की जवळपास ६ मिल वाढतात. मोठेपणा २५ पट पुरे. त्याहून जास्त असेल तर मे महिन्यात फक्त मृगजळ मोठं दिसतं.

बसवल्यावर परीक्षा घ्या, कारण डायलवर लिहिलेलं आणि आतलं यंत्र यांत फरक निघतो. ५० मीटरवर दोन मीटर उंच फळी, तिच्यावर ओळंबा सोडून सरळ उभी रेघ. अंतर पोलादी टेपने मोजा, कापडी टेप ताणते. रेघेच्या खालच्या खुणेवर नेम धरून ५ गोळ्या. मग १० मिल वर चढवून त्याच खुणेवर नेम धरून आणखी ५. दोन ग्रुपांच्या मध्यांतलं अंतर ५०० मिमी यायला हवं. ४९० आलं तर डायल दोन टक्के कमी चालतो. तो आकडा बॅलिस्टिक गणकात (किती चढवायचं ते सांगणारं ॲप, त्याबद्दल पुढे) भरा, भांडत बसू नका. ग्रुप रेघेपासून बाजूला सरकला तर स्कोप कललेला आहे. १ अंश कल म्हणजे दहा मीटर पडणाऱ्या गोळीला १७ सेंमी बाजूची चूक, आणि तिचं खापर नेहमी वाऱ्यावर फुटतं. शेवटी डायल वर-खाली दहा वेळा पूर्ण फिरवून पुन्हा शून्यावर ५ गोळ्या. परत जागेवर आला नाही तर तो स्कोप घेऊ नये.

रिंगांचे स्क्रू टॉर्क रेंचने, कंपनीच्या आकड्याप्रमाणे. 'हाताला घट्ट लागला' हा आकडा नाही.

इंदूरची हवा आणि गणक

बॅलिस्टिक गणक मोबाइलवर सगळेच वापरतात, आणि बहुतेक जण त्यात हवेचा दाब चुकीचा भरतात. हवामानाच्या ॲपवर दिसणारा १०१० हेक्टोपास्कलचा आकडा समुद्रसपाटीला नेऊन दाखवलेला असतो. इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. इथला खरा दाब ९५० च्या आसपास. १०१० तसाच भरला तर गणकाला हवा सहा टक्के दाट वाटते, तो उंची जास्त सांगतो आणि हजार मीटरवर गोळी निशाण्याच्या वरून जाते. दाब हातातल्या यंत्रावर मोजा, 'स्टेशन प्रेशर' निवडा.

ऋतूंचाही फरक आहे. मेच्या ४० अंशांत इथल्या हवेची घनता घनमीटरला सुमारे १.०६ किलो, जानेवारीतल्या १० अंशांच्या पहाटे १.१७. या दहा टक्क्यांनी .३०८ चा हजार मीटरचा चढ अर्ध्या मिलहून जास्त बदलतो. हिवाळ्यात काढलेला तक्ता उन्हाळ्यात वापरणाऱ्याने निशाणा हलवला असा आरोप करू नये.

हवा गोळीला किती अडवते ते सांगणारी दोन प्रमाणं गणकात असतात: मागे निमुळत्या गोळ्यांसाठी जी-७ वापरा, जी-१ नको; जवळ दोन्ही सारखे, लांब गेल्यावर जी-१ फसवतो. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम शेवटी येतो, पण आपल्या अक्षांशाची एक गंमत आहे. गोळी जवळपास दोन सेकंद हवेत असते; इंदूरच्या पावणेतेवीस अंशांवर १००० मीटरला ती उजवीकडे जेमतेम ५ सेंमी सरकते, पण पूर्वेकडे झाडली तर बाराएक सेंमी वर आणि पश्चिमेकडे तितकीच खाली लागते. उत्तर युरोपातल्या रेंजवरचे नियम पाठ केलेल्याला हे उलटं वाटतं. गोळीच्या स्वतःच्या फिरण्यामुळे होणारा उजवीकडचा झोक यापेक्षा मोठा, त्या अंतरावर वीस-पंचवीस सेंमी.

मोठी रायफल, वेळ आली तर

३०० मीटर बिग बोअर ही नागरिकाची पुढची पायरी. तिथे दहाचं वर्तुळ १० सेंमीचं आणि निशाणा एक मीटरचा. त्यापुढे परदेशातल्या फुलबोर (मोठ्या बोअरच्या रायफलींच्या) किंवा एफ-क्लास स्पर्धा. एफ-क्लासमध्ये पालथं पडून, बायपॉड (दोन पायांचा टेकू) किंवा आधारावरून, स्कोप लावून झाडतात. वय झालेल्यांना आणि गुडघ्यांनी दगा दिलेल्यांना हा प्रकार विशेष मानवतो.

बोअरचा क्रम आमच्या मते असा: १००० मीटरपर्यंत ६.५ क्रीडमूर किंवा .३०८, त्यापुढे दीड हजारापर्यंत .३३८, आणि दोन मैलांच्या गोष्टी करणाऱ्यांसाठी .३७५ च्या घरातली काडतुसं. नळीचं आयुष्यही मोजा. .३०८ ची नळी चार-पाच हजार गोळ्या चांगली चालते, ६.५ ची अडीच-तीन हजार, .३३८ ची दीड-दोन हजार. शिकणाऱ्याला वर्षाला दोन हजार गोळ्या हव्यात, तेव्हा .३३८ वर शिकणं म्हणजे दरवर्षी नळी.

काडतुसांत वेगाचं सातत्य बघा. सुरुवातीच्या वेगात एक टक्का फरक, म्हणजे .३०८ ला ८ मी/से, १००० मीटरवर साधारण ३० सेंमी वर-खाली करतो. वेग क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) किमान २० गोळ्यांचा मोजा. काडतुसं उन्हात ठेवू नका. बॉनेटवर अर्धा तास ठेवलेली पेटी वेगळ्याच लॉटसारखी वागते. लेझर अंतरमापक १००० मीटरवर १० मीटरने चुकला तर आणखी वीस-पंचवीस सेंमी, आणि दीड हजाराला गोळी जास्त तिरकी उतरत असल्याने हीच चूक कितीतरी मोठी.

ग्रुप काय सांगतो

उभा पसरलेला, आडवा अरुंद: आधी वेगातला फरक, मग श्वास, मग दस्त्याखाली आधाराला ठेवलेल्या पिशवीवरचा असमान दाब. ५० मीटरवर दिसला तर श्वासच, कारण तेवढ्या अंतरात वेगाचा फरक फारसा बोलत नाही.

आडवा पसरलेला: वारा, नाहीतर चाप. वारा नसलेल्या पहाटे पुन्हा झाडा; तरी आडवा आला तर चाप.

दोन वेगळे पुंजके: पॅरलॅक्स, नाहीतर दस्त्याचा किंवा साइटचा सैल स्क्रू. डोकं किंचित हलवून रेटिकल निशाण्यावर सरकतं का बघा, मग स्क्रू.

पहिली गोळी दरवेळी वेगळी: नळीत तेल. पावसाळ्यात इंदुरात तेल न लावता ठेवली तर आठवड्यात गंज धरतो, तेव्हा तेल लावावंच लागतं. झाडण्याआधी कोरड्या कापडाचे दोन तुकडे मागून पुढे. पेटीत सिलिका जेल ठेवा आणि निळं गुलाबी झालं की तव्यावर नको, मंद ओव्हनमध्ये वाळवा.

ग्रुप गोल, पण हळूहळू एका दिशेला सरकत जाणारा: स्लिंग सैल होते आहे किंवा डावं कोपर चटईवर घसरतं आहे. कोपराखाली खडूने खूण करा आणि दहा गोळ्यांनी बघा.